फॉर्मवाल्या आक्का

आक्का कोणाच्या घरी सर्वेला गेल्या की पहिला अर्धा तास स्वतःचाच सर्वे करून घ्यायच्या. दारात चपला काढायच्या, बसायचं, फॉर्मचं पॅड घरच्या बाईच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "आधी मला विचार." मग ती बाई हसत, अडखळत विचारायची. वय किती, नवरा काय करतो, संडास घरात की बाहेर. आक्का कोर्टात उभ्या असल्यासारख्या गंभीरपणे उत्तरं द्यायच्या. वय मात्र दर गल्लीत दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे व्हायचं. मी ते पकडलं, तर म्हणाल्या, "खरं वय माझ्या आईला माहीत सर, आणि ती तर वर गेली. तुम्ही विचारून येता का?"

एका घराला वीस मिनिटं, असा आमचा नियम. आक्कांना सव्वा तास लागायचा. मी रागावायचो. त्या शांतपणे म्हणायच्या, "मी परक्या घरात जाऊन संडासाची चौकशी करते. माझा कुठंय ते त्यांना नको का कळायला?"

माझा धंदा असा आहे. सामाजिक संस्थांना जाणून घ्यायचं असतं, की आपलं काम लोकांच्या उपयोगी पडतंय का. ते आम्ही शोधून देतो. अडाजणच्या गारेगार ऑफिसात प्रश्न तयार होतात, आक्कांसारख्या बायका ते लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या गल्ल्यांत जाऊन विचारतात, आणि शेवटी मी इस्त्रीचा शर्ट घालून अहवाल सादर करतो. शर्ट माझा, बाकी सगळं त्यांचं. आक्का अमळनेरकडच्या. नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, तो गेल्यावर त्यांनी हे काम धरलं आणि बारा वर्षं सोडलं नाही.

एकदा मी ऑफिसात 'हितधारक' या विषयावर तासभर बोललो. हातवारे, पडद्यावर रंगीत गोल, सगळा थाट. शेवटी आक्कांनी विचारलं, "सर, हितधारक म्हणजे कोण हो?"

"ज्यांचं या कामात काही जाणार-येणार आहे ते."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मग आज त्यातलं कोणीच आलेलं नाही."

मी सर्वांत मोठ्यानं हसलो. वरमलो की मी मोठ्यानं हसतो.

फॉर्मच्या कडेला जी कोरी जागा असते, ती आक्का मुंगीएवढ्या अक्षरात भरून टाकायच्या. 'सासू समोर बसली होती म्हणून बोलली नाही.' 'हो म्हणाली, पण मान नाही अशी हलवली.' संगणकात या मजकुराला जागा नव्हती. म्हणून मीच ऑफिसात सांगून ठेवलं होतं, की कडेचं टाइप करायचं नाही.

आणि अहवाल झाला की आक्का तो घेऊन गल्लीत परत जायच्या. ओट्यावर बायका जमवून, ज्यांचं ऐकून घेतलं त्यांना काय छापलं ते वाचून दाखवायच्या. हे आमच्या कामात कुठं लिहिलेलं नव्हतं. "उष्टं भांडं तसंच टाकून निघायचं का?" म्हणायच्या.

मग ते पाळणाघराचं काम आलं. लिंबायतमध्ये आक्का राहायच्या त्याच गल्लीत एका संस्थेचं दोन खोल्यांचं पाळणाघर होतं. ते तिथं ठेवायचं की शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात जाणाऱ्या बायांसाठी हलवायचं, हे आमच्या सर्वेवर ठरणार होतं. मी सुटसुटीत प्रश्न केला. 'आपण काम करता का? हो / नाही.' आक्का म्हणाल्या, "सर, असं नका विचारू. घरी साड्या येतात का, असं विचारा." त्या गल्लीत घरोघरी साड्यांचे गठ्ठे येतात. बाया दिवसभर धागे कापतात, खडे चिकटवतात. पण काम करता का म्हटलं की सांगतात, "नही वं बाई, मी घरमाच ऱ्हास." मी म्हटलं, आक्का, फॉर्म छापून झालेत.

उत्तरं आली: नाही, नाही, नाही. मी अहवालात लिहिलं, की बहुतेक माता घरीच असल्यानं इथं पाळणाघराची फारशी गरज दिसत नाही. फार सफाईदार वाक्य होतं. संस्थेनं विश्वास ठेवला आणि पाळणाघर सचिनला नेलं.

आक्का अहवाल घ्यायला आल्या, तेव्हा मूळ फॉर्मचा गठ्ठाही त्यांनी मागून घेतला आणि एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. कडेला लिहिलं होतं, 'दारात साड्यांचा ढीग. मूल ओढणीनं पलंगाच्या पायाला बांधलेलं. हाताशी कात्री.' मी वाचलं.

"वाचून दाखवायला जायचंय," त्या म्हणाल्या. "या वेळी तुम्ही पण चला, सर."

मी म्हटलं, आज पलसाण्याला मीटिंग आहे. मीटिंग खरंच होती. ती टाळताही आली असती.

त्या एकट्या गेल्या. नंतर कामावर आल्या नाहीत. फोन केला तर म्हणायच्या, "गुडघे दुखतात सर." माझ्यावर रागावल्यात असं मी धरून चाललो, आणि राग उतरला की जाऊ म्हणत राहिलो. दोन महिन्यांनी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. आक्का सकाळी उठल्याच नाहीत.

दहाव्याला मी त्या गल्लीत गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण आक्कांच्या शेजारच्या रेखाताईंनी लगेच आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यांच्या मांडीवर साडी पसरलेली होती.

"तुम्हीच ऑफिसवाले सर ना? आक्का सांगून गेल्यात, तुमचा काही दोष नाही."

"काय सांगितलं त्यांनी?"

"अहवाल वाचला आणि म्हणाल्या, फॉर्मवरच्या हो-नाहीच्या खुणा माझ्याकडून चुकल्या. मी जे भरून दिलं तेच सरांनी छापलं. सर कधी आले तर दार लावू नका, त्यांना नीट सांगा, पाळणाघर परत येईल."

मी सांगितलं, की आक्कांनी सगळं बरोबर लिहिलं होतं. चूक माझी होती, आणि मला ती त्याच दिवशी कळली होती.

रेखाताईंचा हात साडीवर थांबला.

"तेव्हाच येऊन सांगायचं ना, सर," त्या म्हणाल्या. "गल्लीतली एकही बाई त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही."