नाव घातलेलं पातेलं

९ जुलै. भांड्यांचं कपाट आवरायला काढलं होतं. सासूबाईंनी गोळी घ्यायला पाणी मागितलं, तर पाणी शुद्ध करायच्या मशीनवर लाल दिवा. आतलं पाणी दिसत होतं, पण मिळत नव्हतं. हे गेल्यावर बँकेनं त्यांचं खातं बंद केलं, म्हणून मशीनचं मासिक भाडं गेलं नव्हतं आणि कंपनीनं ते लांबूनच बंद केलं होतं. मी कंपनीला फोन लावला.

“मशीन आमचं आहे, मॅडम. ते सुरू करायचा ओटीपी साहेबांच्या नंबरवर गेलाय, विचारून सांगा.”

“ते वारले.”

“सॉरी मॅडम. पण ओटीपी लागेलच.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हणावं, तुम्हीच वर जाऊन विचारून या!”

मी पुन्हा भांड्यांपाशी बसले. एकेकावर नाव कोरलेलं. आजेसासूबाईंचं, सासूबाईंचं, मुंजीत आलेल्या पातेल्यावर ह्यांचं. आजेसासूबाई गेल्या, पण त्यांच्या कळशीनं कोणाचं पाणी अडवलं नाही. आता वस्तू घरात असतात, घराच्या नसतात. माणूस गेल्याचं दुःख नातेवाइकांना होतं. वस्तूंना फक्त भाडं थांबल्याचं कळतं. आमच्यामागे कशावर आमचं नाव सापडेल, कोण जाणे.

मग ह्यांच्या पातेल्यात पाणी उकळलं, गाळलं आणि सासूबाईंना गोळी दिली.