न मोजलेले श्वास

आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या ट्यूटर मॅडमना आम्ही मागून 'कशावरूनबाई' म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई ठेंगण्या, सडसडीत, वॉर्डात कधी येऊन मागे उभ्या राहायच्या ते कळत नसे. पेशंट बरा आहे म्हटलं की, "कशावरून?" जेवला म्हटलं की, "कशावरून?" ताट रिकामं आहे म्हटलं, तर ते नातेवाइकांनी रिकामं केलं नाही कशावरून? "लग्नाच्या वेळी नवऱ्या मुलालाही हेच विचारलं असणार, म्हणून राहिल्या एकट्या," असं आमच्यातली एक म्हणायची आणि आम्ही खिदळायचो. मला तर बाईंचा मनापासून राग यायचा. अख्खं पुस्तक मला तोंडपाठ होतं, आणि ही बाई पुस्तकातलं काही विचारतच नसे.

वॉर्डात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी बोलत नसे. नाडी आणि रक्तदाब मशीन सांगतं. श्वास मात्र छातीकडे बघत मिनिटभर मोजावे लागतात. तीस पेशंट म्हणजे तीस मिनिटं. एवढा वेळ आहे कुणाला? आधीच्या मुलीने अठरा लिहिलेले असायचे, आपणही अठरा लिहायचे. तक्ता कसा देखणा दिसायचा.

मी दुसऱ्या वर्षाला होते. अकरा नंबरच्या खाटेवर एक बस कंडक्टर होते, पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. दुपारी दोनला मी त्यांचा तक्ता भरला. नाडी एकशे आठ, श्वास अठरा. शेजारी त्यांची बायको बसली होती.

"सिस्टर, हे सकाळपासून माझ्यावर एकदाही खेकसले नाहीत," ती म्हणाली.

"मग बरंच आहे की, काकू!"

काकू हसल्या नाहीत. "नाही हो. काहीतरी बिनसलंय यांचं."

कंडक्टर छताकडे बघत पडले होते. कपाळावर बारीक घाम होता. उकडतंय म्हणून असेल, असं मी ठरवून टाकलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तीनला बाई आल्या.

"अकरा नंबर बरे आहेत, मॅडम."

"कशावरून?"

मी तक्ता पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला, पण वळल्या काकूंकडे. "तुम्हाला कसे वाटतात?" काकूंनी मला सांगितलेलं पुन्हा सांगितलं. बाई घड्याळ बघत खाटेशी उभ्या राहिल्या. ते एक मिनिट संपता संपेना.

"चौतीस," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलाव. पळ."

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी तक्त्यावर नजर टाकली. "दोनला अठरा, तीनला चौतीस. म्हणजे एकाएकी वाढलेत. फुप्फुसात गुठळी अडकली असणार. रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरा."

"डॉक्टर, नाडी सकाळपासून चढतेय, रक्तदाब उतरतोय," बाई म्हणाल्या. "श्वास तेवढे अठरावर कसे थांबतील? पोटात रक्तस्राव होत असला तर या इंजेक्शनने तो थांबायचाच नाही."

"मॅडम, तक्त्यात स्वच्छ लिहिलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अक्षर त्या ओळखत होत्या. "दोनचे श्वास मोजले होतेस?"

सांगितलं तर वर्ष बुडणार, कदाचित कॉलेजही सुटणार. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पलीकडे स्टाफ सिस्टरने इंजेक्शन भरलं होतं. मी भयंकर घाबरले होते, आणि लाज वाटते सांगायला, पण आधी घाबरले ते स्वतःसाठीच.

"नाही," मी म्हटलं. "नुसते लिहिले."

"आणि सकाळी सहाचे? दहाचे?" ते लिहिणाऱ्या माझ्या दोघी मैत्रिणी मागेच उभ्या होत्या; त्यांनी माना खाली घातल्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवायला सांगितलं आणि कंडक्टरांच्या पोटावर हात ठेवला. पोट टणक लागलं. अर्ध्या तासात त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. गुठळी नव्हतीच, पोटात रक्त साचलेलं निघालं. टाके नीट पडले, रक्त चढवलं, पण शरीराने साथ दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर गेले.

बाईंनी काही झाकलं नाही. घडलं ते सगळं लिहून वर पाठवलं, आणि जबाबदारांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. मग मला म्हणाल्या, "चल, काकूंना सांगायचंय."

काकू बाकावर बसल्या होत्या. मांडीवर कंडक्टरांच्या कपड्यांची पिशवी होती. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या आणि सगळं सांगितलं. तुमच्या बोलण्याकडे दुर्लक्ष झालं, हेसुद्धा. मी समोर उभी होते. काकू रडतील, मला शिव्या देतील, असं वाटत होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळीच लक्षात आलं असतं, तर वाचले असते का हो?"

"माहीत नाही, ताई. सकाळी श्वास किती होते, कधी वाढायला लागले, ते कुणी बघितलंच नाही."

"म्हणजे हे आता कधीच कळायचं नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या.