भुकेला भ्यालेली दामिनी

एसटीच्या दोन रांगांमधून दामिनीला आडवं होऊन सरकावं लागे. ती येताना दिसली की कडेच्या सीटवरचे लोक आपोआप गुडघे आत घेत. मागच्या सीटपर्यंत पोचेस्तोवर तिला अशी धाप लागे की तिकीट देताना तोंडातून गावाचं नाव निघत नसे. कंडक्टरची नोकरी तिनं हौसेनं धरली होती. पण गुडघे, साखर आणि झोपेत अडकणारा श्वास यांनी ती जेरीस आली होती. काढे झाले, उपास झाले. उतरलेलं वजन दरवेळी व्याजासकट परत आलं.

एकदा ती सीटचा दांडा आणि धानाचं पोतं यांच्यामध्ये अडकली. दोघांनी पोतं ओढल्यावर सुटका झाली. कोणी हसलं नाही, तेच तिला जास्त लागलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला, सुरेंद्रला सांगितलं, "मले वजन उतरवाले पोटाचं ऑपरेशन करायचं हाय."

सासू देवकाबाई सुरेंद्रनं तलावातून धरून आणलेल्या मासोळ्या साफ करत बसल्या होत्या. "चांगलं पोट कापून घेते का व कोणी?" त्या म्हणाल्या. सुरेंद्र मात्र तिला नागपूरला घेऊन गेला.

डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला. आता थोडं थोडं, चावून चावून खायचं, आधी अंडं, मासा, डाळ, गोळ्या जन्मभर. दामिनीनं सगळं ऐकलं. वर्षभरात तिचा खाकी ड्रेस दोनदा आत घ्यावा लागला. साखरेचं इंजेक्शन सुटलं. चंद्रपूर–एटापल्ली गाडीत ती सरळ चालत मागपर्यंत जाऊ लागली.

पण जिवाला स्वस्थता नव्हती. बाजारात बाया विचारत, "काऊन व दामिनी, कॅन्सर तर नाई?" ती हसून टाळे आणि पुढच्याच किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी राही. वरोऱ्याला भावाकडे गेली तरी आधी वजनाचं यंत्र शोधी. काटा आधीपेक्षा खाली आला नाही की त्या दिवशीचं अंडं डब्यात तसंच राही. सासूनं वाढलेला मासा ती मोडे, चिवडे आणि हळूच सुरेंद्रच्या ताटात सरकवे. कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. गोळ्या केव्हाच सुटल्या. तपासणीची तारीख ती पुढे ढकलत राहिली. डॉक्टर जास्त खायला सांगतील, हीच धास्ती.

दिवाळीच्या तोंडावर आलापल्ली सोडल्यावर गाडी खच्चून भरली होती. तिकिटं देता देता दामिनीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली. सोमारी नावाच्या म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. ड्रायव्हर बिरजूनं कोणाच्याच थांब्यावर गाडी उभी केली नाही. थेट एटापल्लीच्या दवाखान्यात आणली. गाडीतलं एक माणूस कुरकुरलं नाही.

"आज काय खाल्लं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चहा."

"आणि काल?"

दामिनीला आठवेना. अंगात रक्त उरलं नव्हतं. सलाईन लागलं.

दुपार कलताना सुरेंद्र मोटरसायकलनं येऊन पोचला. खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "पयले खाऊन मरून राह्यली होती, आता न खाऊन मरून राह्यली. काय करू व मी तुयं?"

तिला रडू फुटलं. "जरासं वजन वाढलं ना, का मले वाटते सारं परत येते. त्या पोत्यापाशी अडकलेली मीच परत येते. तुले नाई समजत."

"नाई समजत," तो म्हणाला. "मंग भिऊनच खा. पण खाय."

तो तिला परत नागपूरला घेऊन गेला. तिथल्या आहारतज्ज्ञबाई रागावल्या नाहीत. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. घरी देवकाबाई काटे काढलेला मासा वाटीत घालून समोर बसत; वाटी रिकामी होईपर्यंत उठत नसत. वजन थोडं वाढलं. त्या आठवड्यात दामिनी सगळ्यांवर खेकसली, दोनदा न जेवता उठली, दोनदा परत येऊन बसली. हळूहळू वजनाच्या काट्यावर चढणं आठवड्यातून एकदावर आलं. केस गळायचे थांबले. उन्हाळ्यापर्यंत ती परत एटापल्लीच्या गाडीवर रुजू झाली. धास्ती पुरती गेली नाही. अजूनही काही दिवस ती ताटापुढे चुळबुळत बसते.

एका रजेच्या दिवशी सकाळी ती सुरेंद्रच्या डोंग्यात बसून तलावात गेली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मधोमध गेल्यावर तिला एका जागी बसवेना. कधी या कडेला वाकून पाणी बघे, कधी त्या कडेला जाळं ओढू पाही.

"हालू नको व, डोंगा पलटी करशील!" सुरेंद्र ओरडला.

"पलटी झाला त पोहीन," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी जाळं ओढायला लागली.