यादोमामांनी सुपारी नाकारली

वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी हे लिहिणारच नव्हती मी. कागद फाडूनही टाकला होता. पण काल चौकात लोक पुन्हा मामाले हसले अन् डोकंच फिरलं.

आमच्या कारध्याचे यादोमामा सोयरिका जुळवतात. ज्याच्या घरी गेले तिथं सुपारी खाल्लीच पाहिजे, नाही तर घराचा अपमान. वा रे अपमान! सन शहाऐंशी सुरू आहे अन् आमची इज्जत अजून सुपारीच्या खांडात. मामानं जन्मभर ही इज्जत चावली. आधी तिखट झोंबायला लागलं, मग गाल आतून पांढरे अन् कडक झाले. आता तोंड दोन बोटं उघडत नाही, भाकर चुरून खातात. गावचे हुशार म्हणे, "अंगात गरमी आहे, गुलकंद खा."

दिवाळीत मीच त्यांना ओढत भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. गालाचा छोटा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही अजून. पण आतल्या पेशी बदलून राहिल्या. सुपारी आजपासून बंद, अन् दाखवायला येत राहा. नाही तर होऊ शकते."

मामानं बंद केली. अन् लगेच मोहाडीले पुंडलिकरावाच्या पोरीची बैठक. पानदान पुढं आलं, मामानं हात जोडले.

"काहून? आमच्या पोरीत खोट दिसली का?" पुंडलिकराव भडकले.

"पोरगी सोनं आहे जी. माह्या तोंडात रोग आहे."

"अन् पाटलाच्या घरी खात होते तवा कुठं गेला होता रोग?"

पोराकडचे उठलेच. मध्यस्थच खात नाही म्हणजे नक्की काही दडवून राहिले, म्हणे. सोयरिक मोडली, खापर मामावर. वरून हे विद्वान सांगत फिरतात, "तुकडा काढला ना, आता पसरते पाहा!" तेव्हापासून मामाले कोणी बोलावत नाही. ओसरीवर एकटे बसतात.

आता पुंडलिकरावाचा निरोप आला. रविवारी पानदान घेऊनच येतो, झालंगेलं विसरू, एक खांड खा अन् पोरीसाठी नवीन पाहुणा पाहा. मी म्हटलं, "मामा, नका खाऊ."

"पोरी, लोकांशिवाय जगून काय करू?"

रविवारी ते खाणार. मले माहीत आहे.

तर वर्गातल्या शहाण्यांनो, ज्यांची ताई लग्नाची आहे त्यांनी शनिवारच्या आत बाबांना घेऊन कारध्याले जा. मामाले काम सांगा. सुपारी नको म्हणून तुम्हीच आधी बोला. लवकर जा, पुंडलिकरावाच्या आधी.