भोंपूकाकांच्या पिपाणीची तोंडी परीक्षा

शाळेची व्हॅन चालवणारा माणूस काय चीज असते, हे ज्यांनी रोज सकाळी पोरांना शाळेत धाडलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात भोंपूकाका म्हणजे अव्वल नंबर. कोपऱ्यावर त्यांच्या पिवळ्या व्हॅनचा भोंपू वाजला, की रस्ताभर पळापळ. कुणाची आई एका हातात कंगवा नि दुसऱ्या हातात बूट घेऊन जिना उतरतेय, कुणाचे वडील अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून दप्तर शोधताहेत. काका प्रत्येक दारासमोर दोनदा भोंपू वाजवायचे. पहिला म्हणजे ‘आवरा’, दुसरा म्हणजे ‘निघालो’. तिसरा त्यांनी जन्मात वाजवला नाही. दुसरा वाजला की पाय आपोआप क्लचवर, हात गिअरवर, आणि व्हॅन चालू. मग दारात पोर असो की पोराचा आजोबा.

एका बँकेतल्या साहेबांनी एकदा हुज्जत घातली होती. “अहो, दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडतं?”

काका म्हणाले, “साहेब, तुमची बँक थांबते का हो माझ्यासाठी?”

त्या दिवसापासून साहेब स्वतःच दप्तर हातात घेऊन दारात उभे राहायला लागले. पोरगा मागाहून डोळे चोळत यायचा.

या व्हॅनचा कंडक्टर म्हणजे काकांची लेक. तिसरीतली, दोन वेण्यांची, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीची कायमची मालकीण. प्रत्येक घर आलं की ती खिडकीतून मान काढून पुकारा करायची. “जुळे, दोघंही या! काल एकच आला होता!” आवाज इतका बारीक नि इतका तीक्ष्ण, की तिचं नाव पिपाणी पडलं. हजेरीपटावर दुसरं काहीतरी होतं, पण ते तिच्या बाईंनाही आठवून बघावं लागायचं. बाप भोंपू नि लेक पिपाणी. लोक म्हणायचे, या घरात बिचारी आई कधी बोलत असेल?

आई बोलायची बरं का. कमी बोलायची, पण नेमकं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. साथ आली, शाळांना कुलपं लागली, व्हॅन इमारतीच्या आवारात भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि औषधांचं दुकान मात्र उघडंच. पहिल्याच सकाळी तोंडावर मास्क चढवता चढवता ती म्हणाली, “अहो, आता घर, स्वयंपाक आणि पोरगी तुमच्याकडे. व्हॅनभर पोरं सांभाळता, एक जमेल ना?”

“त्यात काय!” काका म्हणाले.

त्यात काय होतं ते त्यांना लवकरच कळलं. व्हॅनमधली पोरं काकांना भ्यायची. घरातली पोरगी कशाला भिईल? शाळा मोबाइलवर भरायची. साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा, वर गणवेशाचा शर्ट नि खाली पायजमा अशी पिपाणी समोर बसायची आणि काका मागे पातेलं सांभाळायचे. बाई ‘वजाबाकी’ म्हणाल्या की इकडे दूध उतू जायचं. दूध वाचवलं तर डबा हलायचा आणि बाईंना पिपाणीच्या जागी छत दिसायचं. काकांच्या नाकी नऊ आले. तरी बापाची हौस दांडगी. आपली पोरगी मागे पडता कामा नये म्हणून ते टेबलाखाली मांडी घालून बसायला लागले. तिथून उत्तरं पुरवायची, अशी योजना.

एक दिवस बाईंनी विचारलं, “मासा श्वास कशाने घेतो? पिपाणी, तू सांग.”

पिपाणीला येत होतं. ती तोंड उघडणारच होती. तेवढ्यात टेबलाखालून हाक आली, “नाकाने! सांग, नाकाने!”

काकांच्या मते ती कुजबुज होती. पण ज्या माणसाचं आयुष्य इंजिनाच्या आवाजावर आवाज काढण्यात गेलं, त्याची कुजबुज शेजारच्या इमारतीत ऐकू जाते. मोबाइलमधल्या सगळ्या चौकोनांतून खी-खी सुरू झाली. “बाई, भोंपूकाका! भोंपूकाका टेबलाखाली!”

“टेबलाखाली जे कोणी बसले असतील,” बाई म्हणाल्या, “त्यांनी कृपया बाहेर यावं.”

बिचारे काका आज्ञाधारकपणे उठले. डोकं टेबलावर आदळलं, डबा कलंडला, मोबाइल साखरेत पडला आणि अख्ख्या वर्गाने कितीतरी वेळ नुसता हसण्याचा कार्यक्रम केला. जुळ्यांपैकी एकाने तर नाक दाबून माशाची नक्कलही केली.

त्या दिवसापासून पिपाणीने वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरली. हजेरीलाही नुसता अंगठा वर. बाईंनी गोडीने विचारलं, दटावून विचारलं, ढिम्म. काकांनी रंगपेट्या आणल्या, गयावया केली. एकदा तर तिला मोकळं वाटावं म्हणून वर्ग संपेपर्यंत न्हाणीघरात कडी लावून बसले. संध्याकाळी बायको म्हणाली, “तुम्हाला तोंड बंद ठेवा म्हटलं, तर तुम्ही स्वतःलाच बंद केलंत!”

वर्षाचा शेवट आला तसा बाईंचा फोन आला. “हे बघा, परीक्षा मी तोंडीच घेणार. पेपर कुणाचे वडील लिहितात ते मला अक्षरावरून कळतं. पण ती बोललीच नाही, तर मी गुण कशाला देऊ? मग पुन्हा तिसरीतच बसवावं लागेल हो तिला.”

काकांना पुढचं दिसायला लागलं. उद्या शाळा उघडेल, व्हॅन निघेल, सगळी पोरं चौथीच्या वर्गासमोर उतरतील आणि आपली कंडक्टर तेवढी मागे राहील. आणि ते कुणामुळे, तर टेबलाखालच्या माशामुळे! बायकोने नुसतं बघितलं. त्यापेक्षा दोन शब्द बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

आता व्हॅनचं असं असतं, की नुसती उभी ठेवली तर बॅटरी झोपते. म्हणून काका रोज सकाळी खाली जाऊन इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. पिपाणी सोबत यायची आणि आपल्या खिडकीत बसायची. एकदा काका काच पुसायचं फडकं आणायला वर गेले. परत येतात तो काय, बंद खिडकीतून तोच बारीक, तीक्ष्ण आवाज! रिकाम्या सीटांकडे बघून पोरगी खडसावत होती, “सरकून बसा! दप्तर मांडीवर! आणि तू, खिडकीसाठी भांडू नकोस, काल तुझी पाळी झाली!”

काका फडकं हातात घेऊन तिथेच थबकले. किती तरी दिवसांनी तो आवाज ऐकत होते. पिपाणीने बघितलं आणि गप्प झाली.

परीक्षा व्हॅनमध्ये द्यायची, असं काकांनी त्याच क्षणी ठरवलं. बायकोने परवानगी दिली, पण अटीवर. “तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. हूं नाही, चूं नाही.”

“पोरीची शप्पथ,” काका म्हणाले, आणि परीक्षेच्या दिवशी एकावर एक दोन मास्क चढवून, बॅटरीसाठी इंजिन चालू करून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मोबाइल समोरच्या काचेपाशी अडकवला, तोंड मागे करून. पिपाणी आपल्या खिडकीत. पायजम्याऐवजी आज पूर्ण गणवेश होता, बूटसुद्धा.

एकेकाची परीक्षा होत गेली. जुळ्यांनी एकमेकांची उत्तरं दिली. बँकवाल्या साहेबांचा पोरगा पाढा म्हणताना मागे साहेबांचे ओठ हलत होते, ते सगळ्यांना दिसलं. शेवटी पिपाणीची पाळी आली.

“तुझ्या ओळखीच्या एखाद्या रस्त्याचं वर्णन कर,” बाई म्हणाल्या. “घाई नाही. मी थांबते.”

पिपाणी बुटांकडे बघत राहिली. चौकोनांत सगळी पोरं टक लावून बसली होती. बाई थांबल्या. उत्तर काकांच्या जिभेवर नाचत होतं, रस्त्यांबद्दल त्या शहरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण शप्पथ! तोंड बंद. आणि मग तोंडाला जे करता येईना ते हाताने केलं. पोर दारात यायला उशीर करतंय म्हटल्यावर तो हात आजवर जे करत आला तेच.

भोंपू वाजला. पिपाणीने मान वर केली.

दुसरा वाजला. आणि दुसरा वाजल्यावर काकांच्या पायांनी काकांना विचारलंच नाही. क्लच, गिअर, आणि व्हॅन आवारातून बाहेर!

“बाबा! चालली! व्हॅन चालली!” पिपाणी किंचाळली. वर्गात एकच गलका. काकांच्या लक्षात आलं तेव्हा गाडी कोपऱ्यावर पोहोचली होती. ब्रेकवर पाय ठेवणार, इतक्यात मागून पुकारा झाला, “औषधांचं दुकान! आई आत आहे! आईऽऽ!” पिपाणीने पुढे वाकून मोबाइल काढून घेतला होता आणि खिडकीच्या काचेला लावून धरला होता. काकांनी ब्रेकवरचा पाय गुपचूप उचलला. दुकानात मास्कवरचे दोन डोळे मोठे झाले, आणखी मोठे झाले, आणि मागे पडले.

“बाई, इथून डावीकडे वळतात. इथे खड्डा आहे. बाबा त्याला नमस्कार करतो, म्हणजे आम्ही सगळे एकदा वर उडतो. हा बघा!” व्हॅनने नमस्कार केला. “आता जुळ्यांचं घर. ए, बाहेर या! दोघंही!”

“आमचं घर! आमचं घर!” मोबाइलमधून नि गॅलरीतून एकदमच आरोळ्या आल्या. जुळे कठड्याला लोंबकळून हात हलवत होते. पुढच्या वळणावर काकांचा हात पुन्हा सवयीने गेला, दोन भोंपू वाजले, आणि बँकवाले साहेब दप्तर घेऊन धाडकन दारात! खाली झोपायची अर्धी चड्डी, वर कोट. अख्ख्या वर्गाने त्यांना बघितलं. साहेबांनी दप्तराने गुडघे झाकले.

चौकात मात्र पोलिसाने काठी आडवी घातली. “काय हो, शाळा बंद आहे हे माहीत नाही? कुठे निघालात?”

काकांची पाचावर धारण बसली. त्यात शप्पथ. ते नुसतेच मास्ककडे बोट दाखवून माना हलवायला लागले.

“तोंड नाही का तुम्हाला?”

“मध्येच कोण बोलतंय?” मोबाइलमधून बाईंचा आवाज आला. “परीक्षा चालू आहे!”

“मी पोलीस...”

“कुणीही असा. आपली पाळी आली की बोला.”

काठी खाली आली. “हो बाई,” पोलीस म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो हे त्याचं त्यालाच कळेना.

“आणि या चौकात पोलीसकाका असतात,” पिपाणीने वर्णन पुढे चालू ठेवलं. “ते आधी रागावतात, मग सोडतात.”

आता यावर बिचारा काय करणार? इकडेतिकडे बघून तो काकांच्या कानाशी पुटपुटला, “परीक्षा झाली की सरळ घरी. पुन्हा दिसू नका.”

“आता पुढे शाळाच,” पिपाणी म्हणाली. “पण आज तिकडे जायचं नाही.”

बाई हळूच म्हणाल्या, “फाटक दिसतं का गं तिथून?”

पिपाणीने काचेला नाक लावलं. “दिसतं बाई. कुलूप आहे. आणि फाटकाशी मांजर झोपलंय.”

“दाखव जरा,” बाई म्हणाल्या. पिपाणीने मोबाइल नीट धरला. मग बाई म्हणाल्या, “छान. चौथीत भेटू. आणि व्हॅन चालवणाऱ्यांना सांग, मासा कल्ल्यांनी श्वास घेतो.”

व्हॅन परत आवारात आली तेव्हा औषधांच्या दुकानातून पिपाणीची आई तरातरा चालत येत होती. “मी काय सांगितलं होतं? तोंड बंद ठेवा म्हणून!”

काकांनी दोन्ही मास्क खाली ओढले. “बंदच होतं! विचार तुझ्या लेकीला!”

“बंद होतं आई,” पिपाणी खिडकीतून म्हणाली. “पास झाले मी! थांब, जुळ्यांना सांगतेय.” आणि तिने मान आत घेतली. परीक्षा संपली तरी एकही चौकोन बंद झाला नव्हता. खड्डा पुन्हा दाखव, साहेब पुन्हा दाखव, मांजराचं नाव काय, असा कालवा चालला होता आणि त्या सगळ्यांवर एकच आवाज चढत होता.

आईने कपाळाला हात लावला, मास्कमागे हसली आणि दुकानाकडे वळली. “जेवायला वर न्या तिला,” जाता जाता म्हणाली.

काकांनी भोंपू वाजवला. पिपाणी हलली नाही. त्यांनी दुसरा वाजवला. तरी नाही.

मग त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, आणि सीट मागे सरकवून वाट बघत बसले.