मावशी, जरा मागं व्हा

"मागचं जरा हलवा," फोटोग्राफर म्हणाला.

मागचं म्हणजे माझी आई.

रेवदंड्याच्या खळ्यावर ती बोंबील वाळत टांगत होती. एका मासळी कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोटो अहवालात छापायचा होता. ऑफिसातल्या खुर्चीवर नको, कामाच्या जागी हवा. त्या जागी साहेब पहिल्यांदाच आले होते. त्यांच्या तोंडावर उजेड परतवणारी चंदेरी चकती धरून मी उभा. स्टँडजवळ बावीस वर्षं माझा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे. त्या दिवशी मी चकतीवाला.

फोटोग्राफर मुंबईचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी त्याच्यावर जळत होतो. त्याच्या कॅमेऱ्यावर नाही. तो म्हणाला, "डावा खांदा पुढे. हनुवटी अर्धा इंच खाली." साहेबांनी ऐकलं. आठ मिनिटांत त्या माणसाला त्याने समुद्राचा मालक करून टाकलं. पावणेसहाचं ते ऊन मी जन्मापासून बघतोय. एकदाही वापरलं नाही. माझी गिऱ्हाइकं सगळी पांढऱ्या पडद्यापुढे. पासपोर्ट फोटो, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर.

साहेबांनी एक बोंबील शेपटीकडून बांबूवर लटकवला. आई हसली.

"ए बाबा, शेपटीनं न्हाय टांगत. पडंल तो. जबड्यात जबडा अडकवायचा, जोडीनं."

"मावशी, काम चाललंय." फोटोग्राफर माझ्याकडे वळला. "सांगा हो त्यांना."

मी सांगितलं. "मावशी, जरा मागं व्हा."

मावशी. आईला. मी.

तिने माझ्याकडे पाहिलं. "व्हय साहेब," म्हणाली आणि चार पावलं मागे सरकली.

"राहू द्या तिथेच. धूसर करतो त्यांना."

मी चकती वाळूत ठेवली. साहेबांचा अर्धा चेहरा काळा पडला.

"हात भरून आला का?"

"नाही. ती माझी आई आहे."

"मग आधी सांगायचं ना!"

बरोबर बोलला. दोन तास मी सांगितलं नव्हतं. मला त्याच्या बाजूचा दिसायचं होतं.

चकती उचलली नाही. आईजवळ जाऊन उभा राहिलो. ती बोंबील अडकवतच होती.

अहवाल छापून आला. बोंबील शेपटीनंच टांगलेला. फोटो मात्र सुरेख. तेच झोंबतं.

आता रोज साडेपाचला दुकान बंद करून खळ्यावर जातो. त्याची नजर मला अजून आलेली नाही. पहिले एकोणचाळीस फोटो मीच रद्द केले. जळणं थांबलेलं नाही, थांबवायचंही नाही. ॲपर्चर आठवर ठेवतो, काहीच धूसर होऊ नये म्हणून. आई, तिच्या हातातली जोडी, पलीकडच्या अकरा बायका, होडी, सगळं लख्ख. प्रत्येकीचं पूर्ण नाव फोटोखाली, तिला विचारून.

आई अजून मला साहेब म्हणते. चुकून नाही. म्हणू दे. ते ऐकतो आणि बटण दाबतो.

माझ्या फोटोत मागचं कुणी नसेल.