सातवा फर्मा

मुलांसाठी लिहिलेली माझी पहिली कादंबरी कोल्हापुरातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात शिवायला गेली होती. सात समुद्र पार करून राक्षसाला हरवणाऱ्या मुलीची ती गोष्ट. तिथं छापील कागद दुमडून सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमानं लावणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. फरशीवर मांडी घालून त्या लाकडी पट्टीनं घडी दाबत आणि दाबता दाबता समोर येईल ते पान वाचत.

नमुन्याची प्रत मी मध्ये मध्ये वाचून पाहिली आणि म्हणालो, "झकास! करा सुरू."

"पावणं, दुसऱ्या फर्म्याच्या जागी सातवा शिवलाय की," बाई म्हणाल्या. "तुमास्नी कळलं न्हाय व्हय?"

मी पानं उलटली. खरंच, पहिल्या सोळा पानांपाठोपाठ थेट शेवटची सोळा पानं आली होती.

"चूक तुमची आहे!" मी ओरडलो.

"माजीच हाय. पर तुमची पोरगी दोन्हीकडं सारखीच बोलतीया. आईम्होरं भाषण, राक्षसाम्होरं बी भाषण. एवढा समुद्र बघितला, एकदा भ्याली न्हाय, कुठं चुकली न्हाय. मग गेलती कशाला?"

मी हादरलो. लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत आलो होतो. माणूस बदलला पाहिजे, हे जगाला बजावत होतो आणि माझ्या पुस्तकात एकही माणूस बदलला नव्हता.

"बाकीच्या प्रती शिवू नका," मी म्हणालो.

आता त्यांची पट्टी हातातच राहिली. "आवं, मी आपलं सहज बोलले! एवढा कागद रद्दीत घालता व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "तिला आधी भिऊ द्यायचंय."